थोरल्या बांधाखालचे सात उंचवटे

२ नोव्हें., रवि.

थोरल्या बांधावर जाऊन आलो. गुडघ्याला पट्टा बांधून, दिनकरच्या मोपेडवर मागं बसून. दोघांची वयं मिळून सव्वाशे. फाट्यावर कॉलेजच्या पोरी हसल्या, तर दि. म्हणतो, "बघ, अजून वळून बघत्यात." बसची कंडक्टरकी सुटून चार वर्षं झाली, तोंड काही सुटलं नाही.

बांध आहे तसाच. अर्धा मैल लांब, दोन पुरुष उंच, नुसत्या मातीचा. वर बाभळी. पायथ्याशी लांबट खोलगट जमीन, आणि तिच्यात एका रांगेत, सारख्या अंतरावर सात गवताळ उंचवटे. गावात कुणालाही विचारा: पांडवांनी एका रात्रीत बांध घातला, कोंबडं आरवलं, शेवटच्या सात पाट्या जागच्या जागी ओतून पळाले. दि. म्हणतो, वल्लभगडाला वेढा घालणाऱ्या फौजेचा मोर्चा, आणि हे सात तोफांचे चौथरे. मी म्हणतो, जुन्या व्यापारी वाटेवरचे सात लहान स्तूप. हायस्कूल सुटल्यापासून चाललेलं भांडण. ते मिटलं असतं तर आमची दोस्ती कशावर चालली असती कोण जाणे.

आज भांडलो नाही. पंचायतीनं ठराव केलाय. गावाच्या खालच्या अंगाला प्लॉट पडलेत, तिथल्या रस्त्याला भराव पाहिजे, तो बांधाची माती काढून घालणार. ऊस तुटून गेला की जेसीबी. ठराव कन्नडात होता, दि.नं वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला.

 घरी आल्यावर जुन्या वह्या शोधत बसलो.

७ नोव्हें., शुक्र.

वल्लभगड. हट्टानं गेलो. पूर्वी निपाणीला शिकायला होतो तेव्हा तिथून सायकली मारत यायचो, एकाच्या कॅरिअरला भाकरीचं गाठोडं, दुसऱ्याच्या हँडलला पाण्याची कळशी. तेव्हा पायथ्यापासून वर पळत जायचो. आज तीन ठिकाणी बसलो. तिसऱ्या ठिकाणी दि. म्हणाला, "हितं शिबंदी बसवायची सोय हुती," आणि ऐसपैस मांडी घातली.

तटावरून बांध दिसतो. उसात हिरवी रेघ ओढल्यासारखा. पश्चिमेला सामानगडाचा सपाट माथा. एकोणीस-वीस वर्षांचे असताना याच बुरुजावर बसून वहीत नकाशा काढला होता: हा गड, तो गड, मध्ये बांध. तिन्ही जोडून त्रिकोण झाला. त्रिकोण झाला म्हणजे त्यात काहीतरी असणारच, एवढी अक्कल होती तेव्हा. मग येळ्ळूरच्या राजहंसगडापर्यंत रेघा गेल्या. वही संपली. पोस्टात नोकरी लागली, दि. बसवर गेला, तरी दर रविवारी रेघा.

फार सुखाचे दिवस होते ते. खिशात काही नसायचं आणि कशाचीही भीती नसायची. गडाचा चौकीदार आम्हाला "संशोधक आलं" म्हणून हाक मारायचा, आणि आम्हाला ती चेष्टा आहे हे कळायचंही नाही.

११ नोव्हें., मंगळ.

धारवाडच्या एका कॉलेजातल्या शैलजा मॅडमचा फोन. जुन्या शिलालेखांच्या अभ्यासक. माझा दिवाळी अंकातला लेख ('सीमाभागातील एक अज्ञात स्तूपसमूह', बारा वर्षांपूर्वीचा) कुणीतरी त्यांना पाठवला. येते म्हणाल्या. मराठी छान बोलतात, वाक्यावाक्याला कन्नड वळणाचा 'री' लावून. "काळजी नको री सर, आधी बघू."

दि.ला सांगितलं. पहिला प्रश्न: "लेखात माझ्या तोफा हायत का?" तळटीपेत आहेत म्हणालो. दिवसभर फुगून बसला.

१६ नोव्हें., रवि.

मॅडम आल्या. पस्तिशीच्या, पायात बूट, डोक्याला टोपी, पाठीवर सॅक. आल्या आल्या बांधावर चढून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. आम्ही मागून धापा टाकत. म्हणाल्या, नुसता बांध असता तर काही सांगता आलं नसतं. मातीचा बांध कुणीही, कधीही घालतो. पण हे सात...

खाली उतरून टेप लावला. एका उंचवट्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर प्रत्येक वेळी जवळपास सारखंच. टेपचं टोक धरून उभा होतो. मॅडमचा चेहरा उजळत गेला. "सर, हे माणसानं मुद्दाम केलंय री. नक्की काहीतरी आहे." पुरातत्त्व खात्याला अर्ज करतात. वरची माणसं बघायला येईपर्यंत बांधाला हात लावू नये, असं पत्र पंचायतीला देता येईल. सगळा जोर या सात उंचवट्यांवर.

दि.नं त्यांना तोफांचं सांगितलंच. त्यांनी तेही लिहून घेतलं. मग काय, स्वारी खूश. फाट्यावर तिघांना मिसळ खाऊ घातली, मॅडम नको म्हणत असताना पुन्हा पाव मागवले.

चाळीस वर्षांत असा दिवस आला नव्हता. आईला उद्या सांगतो. आज लवकर झोपली.

१७ नोव्हें., सोम.

लिहू की नको.

आई सकाळी अंगणात उन्हाला बसून शेंगा फोडत होती. मोबाईलवर फोटो दाखवले. म्हणालो, हे बघ, सात स्तूप, आता सरकारदरबारी जाणार. तिनं मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"ही बांधाखालची खुंटं न्हवं?"

"कसली खुंटं?"

"मापाची. माती उकराय बसलं की मधी मधी येक खुंट सोडायचं. सगळंच उकरलं तर आधी जमीन कुठवर हुती ते कसं कळंल? खुंटाच्या डोक्यावरचं गवतबी काढायचं न्हाय. सायेब यायचा, डोक्यापासनं खाली टेप सोडायचा. तेवढं आमी खणलं."

कधीचं म्हणालो. दुष्काळातलं म्हणाली. दुष्काळी काम निघालं होतं, बांध उंच करून पाणी अडवायचं. वस्तीतली सगळी माणसं त्यावर होती. बाप खणायचा, ती पाटी वाहायची.

"मग खुंटं तशीच कशी राहिली?"

"शेवटचं माप झालं की तीबी काढत्यात. पर पाऊस लागला न्हवं. काम बंद. सायेब आलाच न्हाय परत. ऱ्हायली तशीच." आणि वर विचारते, "पर ह्यात स्तूप कुठं हाय?"

मी उठून आत आलो.

१८ नोव्हें., मंगळ.

कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आजारी आहे असं सांगून पडून राहिलो.

आता डोळ्यांसमोरून हलत नाही: सातांचीही डोकी एका उंचीची, आणि ती उंची शेजारच्या शेताच्या बरोबर. चाळीस वर्षं बघतोय. चौथीतल्या पोराला कळावं. ते जमिनीवर रचलेले नाहीत, भोवतीची जमीन खाली गेलीय. मी मात्र तिथं बसून स्तूपांच्या शांततेवर पानंच्या पानं लिहिली.

लेख काढून वाचला. 'या स्तूपांचे निर्माते काळाच्या उदरात गडप झाले आहेत.' निर्माती अंगणात शेंगा फोडत होती. हसू आलं, आणि मग हसू थांबलं ते थांबलंच.

२० नोव्हें., गुरु.

त्या वर्षी मी इथं नव्हतोच. आठ-नऊ वर्षांचा होतो. घरात खायला नव्हतं म्हणून मला गुंजीला मावशीकडं पाठवलं. काका रेल्वेत गँगमन, क्वार्टर होतं. तिकडं पाऊसपाणी, भात. पावसाळा लागून कितीतरी दिवस झाल्यावर बाप न्यायला आला. माझ्या आठवणीत ते वर्ष म्हणजे गुंजी स्टेशनवरची घंटा, फणस, मावसभावंडांबरोबरची मस्ती. मजेचं वर्ष. परत आलो तेव्हा बांधाखाली उंचवटे होते. पोरांबरोबर घसरायला लागलो. आधी नव्हते, हे मनात आलं नाही. आठ वर्षांच्या पोराला सगळं जग आधीपासूनचंच वाटतं.

आईला आज विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस. दर रविवारी जात होतो, घरी येऊन बडबडत होतो.

"तुमी दोगं गडाचं बोलायचा. आनि तू शिकलेला. मला वाटलं, तुला म्हाईत आसंल."

मग थोड्या वेळानं, शेंगांकडंच बघत: "तू कवा इचारलंस?"

कधीच नाही. पाटलांना विचारलं, गुरवाला विचारलं, तलाठ्याचं दप्तर बघितलं, संकेश्वरच्या एका वैद्यांकडं चार हेलपाटे घातले. जुनी जाणती माणसं म्हणून गावभर हिंडलो. आमच्या वस्तीत एका माणसाला विचारलं नाही. तेव्हा कितीतरी होती. आता आई आणि दोन म्हाताऱ्या, त्यातल्या एकीला ऐकू येत नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी व्याख्यानात त्याची सालटी काढली असती. स्वतःची लाज वाटली. अजून वाटतेय.

२३ नोव्हें., रवि.

दि.ला सांगितलं. त्याच्या उसाच्या बांधावर बसून. आधी हसला, "म्हंजे तोफाबी गेल्या!"  मग म्हणाला, "कुणाला बोलू नगंस."

"असं कसं?"

"कसं म्हंजे? मॅडमचा अर्ज गेला. पत्र येईल. बांध वाचंल. तुला बांध पायजे का खरं पायजे?"

"दोन्ही."

"दोन्ही मिळत न्हाय म्हून तर इचारतोय. आनि आईला कोण इचाराय बसलंय?"

एवढंच बोलला. त्याच्या मनात वाईट नव्हतं हे मला कळतंय. पण तेच वाक्य लागलं. म्हणालो, "कुणीच इचारत न्हाय रं. तूबी न्हाय, मीबी न्हाय." चालत फाट्यावर आलो, त्याच्या मोपेडवर बसलो नाही. गुडघा दुखून दुखून जीव गेला.

२५ नोव्हें., मंगळ.

दि.चा फोन नाही. माझाही नाही.

गप्प राहायचं ठरवून बघितलं. सकाळी ठरलं, दुपारपर्यंत टिकलं. बांध जाऊ नये असं मनापासून वाटतं. आमचं तरुणपण त्या मातीत आहे, दुसरीकडं कुठं नाही. नोकरीत होतं ते पोट भरणं. बांध सपाट झाला तर मी दिनकरबरोबर कुठं जाऊन बसू? आणि गप्प राहून वाचवला, तर आईसमोर बसून त्याला स्तूप म्हणायचं. रोज.

२९ नोव्हें., शनि.

सकाळी सात वाजता दि. दारात. हातात उसाची मोळी. आत न येता उभा.

"सांगून टाक जा मॅडमला. मला झोप न्हाय. माझी आय गेली तवा मला तिचं माहेरचं नावबी धड सांगता येईना, दाखल्यावर चुकीचं पडलं. तुझी हाय अजून."

मी त्याला आत ओढला. आईनं त्याला च्या दिला, तो खाली मान घालून प्यायला. जाताना तिच्या पाया पडला. ती म्हणाली, "ह्येला काय झालं रं सकाळी सकाळी?"

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं.   त्या म्हणाल्या, "मी हे ओळखायला पाहिजे होतं री." मी म्हणालो, तुम्ही एक दिवस बघितलं, मी चाळीस वर्षं. अर्ज मागं घ्यावा लागेल म्हणाल्या. आवाज उतरला होता. ठेवता ठेवता म्हणाल्या, "सर, आजींना घेऊन याल का तिथं? त्यांच्याकडून ऐकायचंय."

फोन ठेवल्यावर मोकळं वाटलं. आणि बांध गेला याचं दुःखही झालं, एकाच वेळी.

६ डिसें., शनि.

विहारात जाऊन आलो. आई पांढऱ्या लुगड्यात, काठीशिवाय चालते म्हणून हट्ट. वंदनेनंतर तिच्या जोडीची म्हातारी भेटली, ऐकू न येणारी. आई तिच्या कानाशी ओरडून सांगत होती, "आपल्या खुंटाची मापं घेणार हायती!" सगळा विहार ऐकत होता. ती म्हातारी हसली आणि हातानं पाटी उचलल्याची खूण केली.

१४ डिसें., रवि.

आजचं नीट लिहितो.

दि.नं पुतण्याची गाडी आणली. आई पुढं बसली. बांधाशी मॅडम आधीच आलेल्या. आई उतरली, पदर खोचला आणि खोलगटात थेट चालू लागली. मी धरायला गेलो तर हात झटकला. पहिला उंचवटा सोडला, दुसरा सोडला, पाचव्यापाशी थांबली.

"ह्यो आमचा."

कशावरून म्हणून मॅडमनी विचारलं. आई म्हणाली, हर टोळीचा आपापला. आमच्या टोळीच्या खालच्या अंगाला खडक लागला. तुझा बाप कुदळ मारून मारून थकला, पर तो निघाला न्हाय. दि.नं टाचेनं माती उकरली. वीतभर खाली खडक. 

आईनं उंचवट्यावर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. माझा बाप जाऊन एकवीस वर्षं झाली. त्याची एकच वस्तू घरात आहे, चष्म्याची डबी. त्याच्या हातचं एवढं मोठं काम मी आयुष्यभर बघत होतो आणि दुसऱ्याच्या नावावर लावत होतो. रडू आलं. लपवलं नाही. दि.नं खांद्यावर हात टाकला, तोही शेंबडा झाला होता.

मॅडम तोवर कामाला लागलेल्या. खुंटाच्या डोक्यापासून खाली टेप. "साठलेला गाळ काढून बघावं लागेल री, पण अंदाज येतो." खोलगटाची लांबी, रुंदी. मग बांधाची लांबी, रुंदी, उंची. वहीत गुणाकार. पुन्हा केला. मग पेन्सिल कानाला लावून आईसमोर खाली बसल्या.

"आजी, माती फक्त इथूनच काढली? दुसरीकडून नाही?"

"न्हाय. हितनंच. पलीकडं पाटलाचं रान, त्येनं हात लावू दिला न्हाय."

"मग ही माती कमी पडते री आजी. एवढ्यात एवढा बांध होत नाही. निम्मासुद्धा नाही."

आई त्यांच्याकडं अशी बघत राहिली जणू पोरीला इतकंही कळू नये. "व्हय की. खाली हुताच की बांध. आमी वर टाकली."

"खालचा कुणी घातला?"

"मला काय म्हाईत! माझी सासू म्हणायची, तिच्या सासूच्या आधीपास्नं हाय."

मॅडम उठल्या. दि. म्हणाला, "तोफा!" मी म्हणालो, "गप." आणि दोघंही लहान पोरांसारखे हसलो. कितीतरी दिवसांनी.

१८ डिसें., गुरु.

मॅडमचा फोन. हिशेब पुन्हा केलाय. दुष्काळातली माती वरची, खालचा बांध वेगळा आणि जुना. किती जुना? तीनशे वर्षं, हजार, दोन हजार, काहीच सांगता येत नाही. बांध आडवा कापून थर बघितले तरच कळेल, त्याला खात्याची परवानगी लागते, परवानगीला वेळ. दुसरा अर्ज केलाय, यात सात खुंटांचा खरा उल्लेख आहे. म्हणाल्या, उलट यामुळं अर्ज पक्का झाला, कारण किती माती नवी हे आता मोजून सांगता येतं. जुनं किती ते नव्यामुळं कळलं.

हे सगळं आईला समजावून सांगितलं. तिनं विचारलं, "म्हंजे आमचं माप बरोबर आलं न्हवं?" बरोबर आलं म्हणालो. खूश झाली.

२२ डिसें., सोम.

पंचायतीची बैठक. मी बोललो. लांबलं बहुतेक. पोस्टात इतकी वर्षं काढली, तिथं दोन शब्दांत काम भागायचं, माझं मात्र भागत नाही. एक तरुण मेंबर म्हणाला, "सर, तुम्हीच लेखात स्तूप लिवलं, तुम्हीच आता न्हाय म्हणताय, उद्या आणि काय म्हणाल?" बरोबर बोलला.  चुकलो होतो म्हणालो. सभागृहात सगळे एकमेकांकडं बघायला लागले. चुकलो म्हणायची तिथं बहुधा पद्धत नसावी.

निकाल: संक्रांतीपर्यंत थांबू. तोवर खात्याचा कागद आला तर बघू, नाही आला तर जेसीबी. ऊसतोड सुरू झालीच आहे.

बाहेर आल्यावर तोच मेंबर जवळ आला. त्याची आजीही त्या कामावर होती म्हणे, गेली. "कुठल्या खुंटावर हुती म्हाईत न्हाय," म्हणाला. आईला विचारून सांगतो म्हणालो.

२६ डिसें., शुक्र.

आईकडून नावं लिहून घेतोय. कोण कुठल्या टोळीत. एकेक नाव आठवायला अर्धा अर्धा तास, पण आठवलं की त्याच्याबरोबर सगळं घर येतं: कुणाला किती पोरं, कोण गात होतं, कुणाच्या पाटीला भोक पडलेलं. त्या मेंबरची आजी तिसऱ्या खुंटावर. फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "उद्या येतो बघाय."

दि.ही येऊन बसतो. त्यानं नवीन सिद्धांत काढलाय: खालचा बांध गडाच्या आधीचा, गड बांधणाऱ्यांनी बांध बघून जागा निवडली. पुरावा काय? "माझं मन सांगतंय." मीही म्हणालो, माझंही मन सांगतंय, खाली स्तूप आहे. भांडण पुन्हा सुरू. आई म्हणाली, "आता मला इचारू नगासा, त्या वक्ताला मी न्हवते."

४ जाने., रवि.

कागद आलेला नाही. मॅडम रोज फोन करतात, खात्यातले साहेब रजेवर. बांधाच्या पलीकडचा ऊस काल तुटला. रान मोकळं झालंय, जेसीबीला वाट मिळाली.

आई म्हणाली, येकदा वर ने. वर म्हणजे बांधावर, माथ्यावर. मागच्या वेळी खालीच राहिलं होतं. दि. आणि मी दोन्ही बाजूंनी धरून चढवलं. पाचव्या खुंटाच्या बरोबर वर जाऊन उभी राहिली. डावीकडं वल्लभगड. तिनं गडाकडं बघितलंही नाही. उजवीकडं लांब हायवे दिसतो, पुण्या-बेंगळुरूचा, गाड्याच गाड्या. तेव्हा साधा रस्ता होता. तिकडं बघत होती.

"काय बघतीस?"

"काय न्हाय. सवय. हितं पाटी वतली की येकदा रस्त्याकडं बघायची. बेळगावची गाडी फाट्यावर थांबली का, कोण उतरलं का. तुझी मावशी पत्रात लिवायची, पोरगं रडतंय, घेऊन येते. आली न्हाय कवा. मुकादम वरडायचा, काय बघत हुबी ऱ्हातीस. पाटी वतली, बघितलं, खाली गेलं. पाटी वतली, बघितलं."

मी गुंजीत रडल्याचं मला आठवत नाही. फणस आठवतो.

दि. बाजूला जाऊन बाभळीकडं बघत उभा राहिला. आई उतरताना म्हणाली, बरं झालं आले, आता मोडू देत न्हाईतर ऱ्हाऊ देत.

घरी येऊन मॅडमचा हिशेबाचा कागद काढलाय. दुष्काळात वर पडलेली माती, सगळी मिळून किती, तो आकडा त्यात आहे. टोळ्या सात, माणसं किती तेही आईनं सांगितलंय. आईनं किती पाट्या वतल्या ते काढायला, एका पाटीत किती माती मावते एवढंच माझ्याकडं नाही. आई शेजारच्या खोलीत जागी आहे. विचारलं तर सांगेल. मी विचारलेलं नाही.